पंधरातले पाच उरले तेव्हा: बडोद्यात रग्बीचा संघ पुन्हा उभा करताना

९ जानेवारी २०२४, मंगळवार. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि फोन आला. आमच्या रग्बी संघाला मानधन देणाऱ्या कंपनीतले साहेब होते. या महिन्याचे पैसे मिळतील, फेब्रुवारीपासून मिळणार नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. मी पी.टी.च्या सामानाच्या खोलीत जाऊन बसलो आणि वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायला घेतली. पंधरा खेळाडूंत बडोद्याचे चार. बाकी अकरा बाहेरचे, हरियाणा, बिहार आणि ओडिशाचे. प्रत्येकाला महिना १२,००० रुपये आणि गोत्रीच्या दोन फ्लॅटमध्ये राहायची सोय. आमच्या शहरात रग्बीतला ‘व्यावसायिक संघ’ म्हणजे एवढंच होतं, पण तेवढ्यावर ही मुलं घरी पैसे पाठवत होती. सोय गेली की ती जाणार, आणि जाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

फेब्रुवारी संपेपर्यंत दहा जण गेले. जमेल तितक्यांना मी स्टेशनवर सोडायला गेलो. अकरावा, हरियाणाचा आमचा स्क्रम-हाफ (घोळक्यातून चेंडू बाहेर काढून देणारा), थांबला, कारण तो सयाजीराव विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. त्याला आम्ही सगळे भाई म्हणतो.

हे सविस्तर लिहितोय कारण गेल्या काही महिन्यांत तिघांनी, दुसऱ्या गावांतून, फोन करून विचारलं की संघ मोडल्यावर पुढे नेमकं काय काय केलंत. फोनवर अर्धं राहून जातं. म्हणून जसं घडलं तसं, खर्चासकट लिहितो.

पहिले दोन महिने मी चुकीच्या वाटेने गेलो. मार्चभर फोन केले. ओळखीच्या प्रशिक्षकांकडून नावं घेतली, व्हिडिओ मागवले, सहा जणांची यादी केली. हिशोब असा होता: सहा बाहेरचे चांगले खेळाडू आणले की चार स्थानिक आणि भाई मिळून संघ उभा राहतो. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, मैदानावर सात आणि बदली पाच असे बारा असतात, अकरांवर भागलं असतं. एकाला तिकिटासाठी आणि आगाऊ म्हणून ८,००० रुपये पाठवले, माझ्या खिशातले. तो आला नाही. त्याला दुसरीकडे नोकरीचं आश्वासन मिळालं होतं. त्याच्यावर राग धरून उपयोग नव्हता, त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. दुसरा यायला तयार होता, पण त्याच्या आधीच्या संघटनेकडून ना-हरकत पत्र हवं होतं. मी चार पत्रं पाठवली, दोनदा कुरियरने. सात आठवडे गेले, पत्र काही आलं नाही आणि त्या मुलाचा हंगाम वाया गेला. त्या मुलाचा आवाज अजून आठवतो. ‘सर, लेटर आया क्या?’ दर दोन दिवसांनी.

त्या काळात रात्री झोप येत नसे, तेव्हा जगात इतर संघ कसे मोडतात आणि कसे उभे राहतात ते वाचत बसायचो. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३ च्या एकाच हंगामात कर्जापायी बुडाले. वॉस्प्स तर एकेकाळचे युरोपचे विजेते. फ्रान्सच्या लीगमध्ये जगभरचे महागडे खेळाडू येतात, तरी तिथे नियम आहे की सामन्याच्या २३ जणांत सरासरी १६ खेळाडू फ्रान्सच्याच व्यवस्थेत घडलेले असावेत. आयर्लंडचा लेन्स्टर संघ तर डब्लिन आणि आसपासच्या शाळांमधून आलेल्या मुलांवर उभा आहे. आपल्याकडे बघायचं तर ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या शाळेचा, भुवनेश्वरच्या ‘किस’चा, संघ २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा जिंकून आला होता. आम्ही आजवर तयार खेळाडू आणत होतो आणि पैसा थांबला त्या दिवशी आमच्याकडे काहीच उरलं नाही, हे मला एप्रिलमध्ये नीट कळलं. आणि बडोद्यात मुलं नाहीत असं म्हणण्याची तर सोयच नाही. जुम्मादादांच्या आणि राजरत्न माणिकरावांच्या तालमीचं हे गाव. १९२३ मध्ये हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा इथे झाली. मी स्वतः दांडिया बाजारात, आखाड्याच्या आवाजात वाढलो आणि तरी खेळाडू शोधायला दीड हजार किलोमीटरवर फोन लावत होतो.

आधी कागदपत्रं. जुना संघ कंपनीच्या नावावर होता, त्यामुळे मैदान मागायचं तर कोणाच्या नावाने आणि स्पर्धेत उतरायचं तर कोणाच्या नावाने, असा प्रश्न आला. आम्ही स्वतःची संस्था नोंदवायचं ठरवलं. त्याला किमान सात सभासद लागतात. प्रत्येकाचं आधार, पॅन, फोटो, संस्थेचे उद्देश आणि नियमावली, कार्यालयाच्या जागेचं कर-बिल आणि जागामालकाचं संमतीपत्र ई-स्टॅम्पवर नोटरी करून. जागा म्हणून माझ्या काकांच्या वाड्यातली पुढची खोली दाखवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला, ७ मेला गुजरातमध्ये लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे जूनपर्यंत फाइल हललीच नाही. मग एक त्रुटी निघाली: एका सभासदाचं नाव आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पॅनवर ‘दत्तात्रेय’. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांची नावं गुजराती, इंग्रजी आणि मराठी अशा तीन लिप्यांतून फिरतात, त्यामुळे हे घरोघरी आहे. अर्ज देण्याआधी सातही जणांची सगळी कार्डं एका टेबलावर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आमचे त्यात पाच आठवडे गेले. नोंदणीचं प्रमाणपत्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हातात आलं. वकिलाची फी धरून एकूण १४,२०० रुपये लागले. बँक खातं त्यानंतर उघडलं, तोवरचे सगळे पैसे एका वहीत, दोघांच्या सह्यांनी.

मैदान एका शाळेने दिलं, सकाळी साडेपाच ते साडेसात. पत्रात दोन गोष्टी लिहून घ्या: पावसाळ्यात कोण ठरवणार की मैदान खेळण्याजोगं आहे, आणि खांब कायमचे पुरायचे की काढता येतील असे. आम्ही जमिनीत पाइपची बाही पुरून त्यात बसणारे खांब मकरपुऱ्यातल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर, आडवा दांडा ३ मीटरवर. २२,००० रुपये, त्यातले निम्मे गल्लीतल्या गणेश मंडळाने दिले.

आता मुलांबद्दल. याच भागात माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला.

मे महिन्यात मी रोज संध्याकाळी एका आखाड्यात जाऊन बसू लागलो. काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. चौथ्या दिवशी वस्तादांनीच हाक मारली.

“मास्तर, कोणावर डोळा आहे?”

मी एका सोळा वर्षांच्या, रुंद खांद्यांच्या पोराकडे बोट दाखवलं.

“हा कुस्तीचा. याला पळवून काय करणार?”

“पळवायला नको वस्ताद. पळणाऱ्याला धरून पाडायला हवाय.”

“पाडून?”

“लगेच सोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. नियमच आहे.”

वस्ताद बराच वेळ गप्प राहिले. “धरलेलं सोडायला मी याला कधी शिकवलं नाही.”

त्यांनी बोट ठेवलं ते अगदी नेमक्या जागी. पुढचे सहा महिने पैलवान मुलांच्या बाबतीत आम्ही हेच एक शिकवत होतो. पकड सुटत नसे आणि दर वेळी पेनल्टी जायची. वस्ताद म्हणाले, आठवडाभर मी तुमचा सराव बघतो, मग सांगतो. ते आठवडाभर आले. नंतर दर रविवारी यायला लागले आणि मुलांना पडायचं कसं ते त्यांनी शिकवलं: हनुवटी छातीला, खांदा आधी, हात खाली टेकवायचा नाही. माझ्याकडून ते इतकं चांगलं शिकवून झालं नसतं.

चाचणी १६ जून २०२४, रविवारी घेतली. ६१ मुलं आली. कुस्ती, खो-खो, कबड्डी, मल्लखांब, थोडे ॲथलेटिक्सचे. चाळीस मीटरची धाव, उठबस करून दिशा बदलण्याची एक चाचणी आणि शेवटी ब्राँको: २०, ४० आणि ६० मीटर जाऊन-येऊन, असे पाच फेरे, एकूण १२०० मीटर. चेंडू मी पहिल्या दिवशी मुद्दाम दिलाच नाही. लंबगोल चेंडू कोणालाच पकडता येत नाही आणि दहा वेळा हातातून सुटला की चांगला मुलगा लाजून परत येत नाही. चेंडू तीन महिन्यांत येतो. ब्राँकोच्या चौथ्या फेरीला जो चालायला लागत नाही आणि शेजारचा मागे पडला तर वळून त्याला हाक मारतो, त्याचं नाव लिहून घ्या. अशी २४ नावं झाली.

प्रत्येक खेळ आपली सवय घेऊन येतो, हे मला त्या पावसाळ्यात कळलं. कबड्डीचा मुलगा घोटा धरायला झेप घेतो, धाडसी असतो, पण डोकं कुठे जातंय त्याचं त्याला भान नसतं. खो-खोत मला वाटलं होतं की पाठलाग करणारे उपयोगी पडतील. पण त्यांना धावताना दिशा बदलायची मनाई असते आणि ती अंगात इतकी मुरलेली असते की समोरचा हूल देऊन निघून जातो. त्यापेक्षा पळती करणारे, बसलेल्या खेळाडूंमधून साखळी-पळती करत निसटणारे, ते चेंडू हातात आल्यावर पाण्यासारखे निघायचे. आणि मल्लखांब! लाइनआउटमध्ये, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू परत आत टाकतात तेव्हा, दोघांनी उचलून तिसऱ्याने हवेत चेंडू घ्यायचा असतो. आमच्या मल्लखांबाच्या पोराला उचललं तेव्हा भाई बघतच राहिला. पोरगा वर, अंग सरळ, तळवे जुळलेले, जणू वेलीवर चढलाय. जुन्या संघातल्या कोणालाच असं जमलं नव्हतं.

त्या पोराच्या घरी मी तीनदा गेलो. नवापुऱ्यात राहतात, वडील रिक्षा चालवतात, आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. पहिल्या भेटीत त्या तवा उतरवून समोर येऊन बसल्या.

“सर, मल्लखांबावरून पडला तर खाली गादी असते. तुमच्याकडे खाली काय असतं?”

मी खरं तेच सांगितलं. माती असते, काकू. पहिले सहा आठवडे गाद्यांवरच शिकवू, आखाड्यातल्या उकरलेल्या मातीत मग, आणि मैदानावर सगळ्यात शेवटी. तुम्ही या आणि बघा. त्या एका पहाटे आल्या, पदर खोचून मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “दातांचं ते प्लास्टिक मी घेऊन देईन, बाकी तुम्ही बघा.” माउथगार्ड, गरम पाण्यात मऊ करून दातांना बसवायचं, ३०० रुपयांचं. संमतीपत्र आम्ही मराठी, गुजराती आणि हिंदीत छापलं होतं. आई-वडिलांना ते वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका. गट अपघात विमाही काढला. अंगाला अंग भिडणारा खेळ त्यात धरलाय का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. आम्हाला पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी मिळाला.

छोटाउदेपूरहून शिकायला आलेली चार मुलं एका वसतिगृहातून आली. डोंगराळ भागात वाढलेली, पळायला लागली की थांबतच नाहीत. त्यांच्या गृहपतींची अट होती: संध्याकाळी सातच्या आत दारात आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सराव बंद. दोन्ही अटी मी लिहून दिल्या आणि पाळल्या. वसतिगृहातल्या जेवणावर एवढा व्यायाम झेपणार नाही हे दोन आठवड्यांत दिसलं. तेव्हापासून सरावानंतर सगळ्यांना दोन अंडी किंवा भिजवलेले चणे, केळी आणि दूध. माणशी ४५ रुपये. महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च हाच, २५,००० च्या घरात. बडोद्यातले जुने खेळाडू महिना ५०० ते १००० रुपये देतात, दांडिया बाजारातले दोन दुकानदार देतात, उरलेलं मी आणि आणखी दोघे भरतो. मानधन आम्ही कोणालाच देत नाही, भाईलाही नाही. त्याची वसतिगृहाची फी संस्था भरते आणि त्याबदल्यात तो शिकवतो. बाहेरचा एक चांगला खेळाडू शिकवायला असणं किती मोलाचं आहे ते मला उशिरा कळलं. सात बाहेरचे आणून सामने जिंकण्यापेक्षा एकच आणा, जो इथल्या पोरांसोबत बसून सेव-उसळ खाईल आणि एकच पास दोनशे वेळा करून दाखवेल.

११ ऑगस्ट, रविवार. मैदानावरच्या टॅकलचा, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्याचा, दुसरा आठवडा. मल्लखांबाच्या पोराने खालून चांगली धडक घेतली, पण डोकं पळणाऱ्याच्या पुढे गेलं. आम्ही शंभर वेळा सांगितलं होतं की गाल मागच्या बाजूला, डोकं कधीच पुढे नाही. गुडघा कानाच्या वर लागला. तो अर्ध्या मिनिटात उठून उभा राहिला. “सर, ठीक आहे मी.” मी विचारलं, आज वार कोणता? म्हणाला रविवार. मग थोड्या वेळाने त्यानेच मला विचारलं, “सर, आज वार कोणता?” माझे हातपाय गार पडले.

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे डोक्याच्या दुखापतीवरचे आणि सुरक्षित खेळावरचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, मी आणि भाईने ते जुलैतच पुरे केले होते. शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. त्यात चर्चा नाही. तासाभरात दवाखान्यात होतो. सिटी स्कॅन झाला, काही निघालं नाही, ३,८०० रुपये बिल झालं, विम्यातून दोन महिन्यांनी परत आले. मूळ बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्या झेरॉक्स आधी काढून ठेवा, मूळ कागद एकदा दिले की परत मिळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आज मोबाइल नाही, टीव्ही नाही, रात्री उलटी झाली तर लगेच आणा. आणि किमान २१ दिवस खेळ बंद, मग पायरीपायरीने.

नवापुऱ्यापर्यंत स्कूटर चालवताना मी काय बोलायचं ते जुळवत होतो, दारात पोचल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. सगळं झालं तसं सांगितलं. चूक माझीही आहे, आणखी दोन आठवडे गाद्यांवर ठेवायला हवं होतं, हेही सांगितलं. काकूंनी पोराला आत झोपवलं, बाहेर आल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि पेनाने १ सप्टेंबरभोवती गोल केला. “एकवीस दिवस म्हणालात ना. मी मोजते.” त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायलो आणि घरी येऊन बायकोजवळ रडलो. पुढचे दोन आठवडे मी टॅकलचा सराव सगळ्यांसाठी बंद ठेवला आणि पुन्हा गाद्यांपासून सुरुवात केली. ज्यांना घाई असेल त्यांना माझं हे कळकळीचं सांगणं आहे: या बाबतीत घाई करू नका. मुलं तुमच्यावर विश्वास टाकून खांदा पुढे करतात.

त्या वर्तुळाची तारीख यायच्या आधीच पूर आला. २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती, त्या दिवसापासून विश्वामित्री चढत गेली आणि अर्धं बडोदा पाण्यात गेलं. आमच्या मैदानावर छातीएवढं पाणी होतं. सामानाची खोली बुडाली: ११ चेंडू, सगळ्या गाद्या, टॅकल-बॅगा. मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या रोज येत होत्या, त्यामुळे पाणी ओसरल्यावरही मुलांना मी आठवडाभर मैदानाजवळ फिरकू दिलं नाही. पण मुलं घरात बसली नव्हती. पैलवान आणि वसतिगृहातली चौघं पाण्याचे जार खांद्यावर घेऊन वस्तीतून जिने चढत होती. एरवी एकमेकांशी फारसं न बोलणारी ही मुलं त्या पाच दिवसांत एकत्र आली. संघ कधी तयार झाला असं कोणी विचारलं, तर मी ते दिवस सांगतो. मैदान १७ सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या दिवशी, पुन्हा वापरण्याजोगं झालं. त्याच आठवड्यात मल्लखांबाचा पोरगा परतला, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. काकूंनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली होती.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातल्या एका मुलाच्या गावी गेलो. एस.टी.ने डभोई, बोडेली आणि पुढे जीपने. त्याच्या घराच्या आतल्या भिंतीवर पिठोऱ्याचे, म्हणजे तिथल्या आदिवासी भित्तिचित्रांतले, घोडे रंगवलेले होते. वडिलांनी विचारलं, यात नोकरी लागते का? मी म्हटलं, खात्री देऊ शकत नाही. खेळाच्या प्रमाणपत्राचा भरतीत कुठे कुठे उपयोग होतो, पण त्यासाठी त्याला बारावी पास व्हावं लागेल. खोटी आशा मी कोणाला दाखवली नाही आणि तुम्हीही दाखवू नका. ते म्हणाले, मग शाळा सुटता कामा नये. मी म्हटलं, सुटणार नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही हरत होतो. पहिला सामना ०-३८, दुसरा ५-३३, तिसरा ७-२६. मोठी मुलं निराश व्हायची. मी फक्त दोन आकडे लिहून ठेवायचो: किती टॅकल सुटले आणि किती पेनल्टी गेल्या. पहिल्या सामन्यात १४ पेनल्टी, चौथ्यात ६. पैलवानाने धरून सोडायला शिकायला जानेवारी उजाडला. त्या दिवशी वस्ताद मैदानावर होते, त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पर्धेसाठी नावं पाठवायची होती. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, वैद्यकीय प्रमाणपत्र, दोन फोटो. इथे मला मोठा धक्का बसला. दोन मुलांची जन्मतारीख दाखल्यावर वेगळी आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये वेगळी. एकाची वेळेत दुरुस्त झाली. दुसऱ्याची झाली नाही. खो-खोचा मुलगा, आमचा सगळ्यात चपळ विंगर (मैदानाच्या कडेने पळणारा), आठ महिने एकही सराव न चुकवलेला. त्याला मी मैदानाबाहेर बाजूला घेऊन सांगितलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला तो नेहमीसारखा चुन्याची पिशवी घेऊन रेषा आखत होता. मुलगा संघात आला त्याच आठवड्यात त्याचे कागद तपासायला हवे होते. आता आम्ही तसंच करतो, पहिल्या दिवशी फाइल, मग बूट.

स्पर्धेत तीन सामने खेळलो, दोन हरलो, एक १७-१२ ने जिंकलो. जिंकलेल्या सामन्यातला शेवटचा ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, लाइनआउटमधून आला. मल्लखांबाच्या पोराने वर चेंडू घेतला, भाईने बाहेर काढला आणि छोटाउदेपूरच्या मुलाने साठ मीटर पळत नेला. विंगर कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्या बरोबरीने रेषेबाहेरून पळत होता.

जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, परदेशी खेळाडू आणि आपले खेळाडू एकाच संघात. आम्ही सगळे सामने काकांच्या वाड्यातल्या त्या पुढच्या खोलीत, संस्थेच्या नोंदणीकृत कार्यालयात, एका टीव्हीसमोर बसून बघितले. २९ जूनला चेन्नई बुल्सने किताब जिंकला. मुलांना लिलावाबद्दल हजार प्रश्न होते. मला मात्र पडद्यावर आपल्याकडचा एखादा मुलगा फिजीच्या किंवा न्यूझीलंडच्या खेळाडूला चेंडू पास करताना दिसला की तो कुठल्या मैदानावरून, कोणाच्या हातून इथवर आला असेल, हेच मनात यायचं.

ऑगस्टमध्ये, पहिल्या चाचणीला चौदा महिने होत आले तेव्हा, छोटाउदेपूरच्या त्या मुलाला दुसऱ्या राज्यातल्या एका क्रीडा वसतिगृहातून बोलावणं आलं. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं. तो संध्याकाळी साडेसहाला, सातच्या आत परतायचं म्हणून धावतच, माझ्याकडे आला आणि दारात उभा राहिला. “सर, ते लोक आपल्या संस्थेचं ना-हरकत पत्र मागतात.”

मी त्याला बसायला सांगितलं. कपाटातून लेटरहेड काढलं, जावक रजिस्टरमध्ये पुढचा क्रमांक, ४७, लिहिला, पत्र हाताने लिहून काढलं, सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत तो पत्राकडे बघत होता. गृहपतींना फोन करून सांगितलं की आज दहा मिनिटं उशीर होईल, चूक माझी. मग त्याला स्कूटरवर बसवून वसतिगृहाच्या दारात सोडला.

परत येताना वस्तादांना फोन लावला. रविवारी येतो म्हटलं, नवी पोरं बघायची आहेत.

“किती हवीत?” त्यांनी विचारलं.

“एक गेलाय,” मी म्हटलं. “पण सगळीच दाखवा.”